जुन्या लांब कीलच्या शिडाच्या बोटीला पंखा कोणता बसवावा?

हॅम्बलकाठी

नमस्कार मंडळी. इथे बोटींवर फारसे धागे निघत नाहीत, पण कोकणातले, गोव्यातले आणि बाहेरदेशी समुद्राकाठी राहणारे बरेच जण वाचतात हे ठाऊक आहे, म्हणून विचारतोय.

आम्ही नवराबायको इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी एक जुनी लाकडी शिडाची बोट घेतली, 'व्हर्च्यू' वर्गातली. जॅक लॉरेंट जाइल्स यांनी १९३०च्या दशकात काढलेला हा आराखडा. लांबी २५ फूट, पाण्याच्या रेषेवर साडेएकवीस फूट, वजन साडेचार टनांच्या आसपास. कील, म्हणजे तळाचा कणा, पुढपासून मागच्या सुकाणूपर्यंत सलग. आपल्याकडचे जुने सुतार ज्याला पठाण म्हणतात तसाच सोट, फक्त खोल. याच वर्गातली 'व्हर्च्यू ३५' हंफ्री बार्टन यांनी १९५० साली फालमथहून न्यूयॉर्कला नेली होती. एवढीशी बोट, पण समुद्रात पाय रोवून उभी राहते.

अडचण पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची आहे. आमच्या आधीच्या मालकांनी इंजिन बदललं. आता दोन सिलिंडरचं, साडेतेरा अश्वशक्तीचं डिझेल आहे, पूर्ण ताकद मिनिटाला ३६०० फेऱ्यांना, गिअरबॉक्स २.६:१. पंखा मात्र जुन्या इंजिनाचाच ठेवला. तीन पात्यांचा, स्थिर, त्यावर १५ × १२ कोरलेलं आहे (व्यास आणि पिच, इंचात). ज्या यार्डाने इंजिन बसवलं त्यांनी 'चालेल' म्हणून सोडून दिलं.

गेल्या सप्टेंबरात पश्चिमेकडून परत येताना हर्स्ट कॅसलच्या चिंचोळ्या भागात आम्हाला ओहोटी लागली. उधाणाचे दिवस. तिथे प्रवाह चार नॉटच्या वर जातो. वारा पडलेला. थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिन २६००वर अडकलं, त्यापुढे फेरे वाढेनात, एग्झॉस्टमधून काळा धूर आणि तापमानाचा काटा हळूहळू वर. किनाऱ्यावरचा दगडगोट्यांचा बांध एकाच जागी दिसत राहिला, वीस मिनिटं. बायको सुकाणूवर होती. ती एकदाच म्हणाली, "आपण पुढे जातोय का?" मी उत्तर दिलं नाही. शेवटी नांगर टाकून भरतीची वाट पाहिली.

आता बोट बर्सल्डनला जमिनीवर आहे. पंखा बदलायचाच आहे. दुकानदार म्हणतो फेदरिंग, म्हणजे शिडावर पाती वळणारा, घ्या. शेजारचे आजोबा म्हणतात दोन पात्यांचा साधा घ्या आणि शिडावर चला. तुम्ही काय कराल?

रत्नाकराचा_शेजारी

छान विषय. पण पंखा कोणता हे विचारण्याआधी खिडकी किती हे सांगा. लांब कीलच्या बोटीत पंखा कील आणि सुकाणू यांच्यामधल्या खाचेत फिरतो. त्या खाचेची उंची आणि पुढे-मागे जागा, दोन्ही लिहा. ब्रोशर नंतर बघू.

बॉयलर_सूट

मी मरीन इंजिनिअर, आयुष्य मोठ्या जहाजांवर गेलं, पण हिशेब तोच.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात घट्ट पदार्थातून स्क्रूसारखा गेला असता तर किती इंच पुढे सरकला असता ते. पिच इंचात गुणिले शाफ्टचे फेरे भागिले १२१५, उत्तर नॉटमध्ये.

तुमचा शाफ्ट पूर्ण ताकदीला ३६०० भागिले २.६, म्हणजे १३८५ फेरे. पिच १२. उत्तर येतं १३.७ नॉट. आता तुमच्या बोटीची शक्य तेवढी चाल किती? पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. साडेएकवीसचं वर्गमूळ ४.६४, म्हणजे ६.२ नॉट. अशा जड बोटीवर पंखा ३५ ते ४५ टक्के घसरणार हे धरून चालतो. पण १३.७ वरून ६.२ वर यायला ५५ टक्के घसर लागते. इंजिनाला तेवढं पाणी ढकलता येत नाही, म्हणून ते २६००वर बसतं. सायकल चढावर वरच्या गिअरमध्ये चालवल्यासारखं आहे. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. असं वर्षानुवर्षं चालवलं तर इंजिन लवकर म्हातारं होतं.

अंदाजाचा नियम: एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. व्यासाचा एक इंच म्हणजे पिचच्या दोन ते अडीच इंचांइतका भार. तुम्हाला १००० फेरे हवेत. १४ × ८ तीन पात्यांचा घेतला तर व्यासाचे अडीच आणि पिचचे चार, मिळून साडेसहा, गुणिले १५० म्हणजे ९७५. जवळपास बरोबर बसतं. दोन पात्यांचा घेतला तर पात्यांचं क्षेत्रफळ कमी, म्हणून पिच एखादा इंच वाढवता येईल.

हे कागदावरचं गणित आहे. पंखा बनवणाऱ्याला इंजिन, गिअर, वजन, लांबी हे सगळं देऊन त्याच्याकडूनही आकडा घ्या आणि दोन्ही जुळतात का बघा.

हॅम्बलकाठी

बॉयलर_सूट, तीन वर्षांत कुणीही हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

खिडकी मोजली. शाफ्टच्या ठिकाणी उंची साडेसतरा इंच. पंख्याच्या बॉसच्या (मधल्या गाभ्याच्या) मागे, नट आणि झिंक धरून, सुकाणूपर्यंत फक्त अडीच इंच उरतात. पंख्याच्या पुढचा खांब पाच इंच जाड, मागची कड जवळजवळ चौकोनी.

रत्नाकराचा_शेजारी

मग निम्मं उत्तर इथेच मिळालं. पात्याचं टोक आणि लाकूड यांच्यात व्यासाच्या निदान १० टक्के अंतर हवं, १५ असेल तर उत्तम. १५ इंची पंख्याला वर-खाली सव्वा-सव्वा इंच उरतं, म्हणजे ८ टक्के. म्हणूनच तुमच्या बोटीच्या मागे धडधड होत असणार. १४ इंचीला पावणेदोन इंच मिळतं, साडेबारा टक्के. त्यामुळे १४च्या वर जाऊच नका.

तांडेलाचो_झील

आमचं घर मालवणचं, बापूस मच्छीमार, मी आता रत्नागिरीत इंजिनांचं काम करतो. आमच्याकडे प्रोपेलर कुणी म्हणत नाही, पंखाच म्हणतात. बाबा सांगायचे, "पंखो बोलता, तेचा ऐक."

हॅम्बलकाठी, जुना पंखा दोरीने टांगा आणि लाकडी हातोडीने एकेका पात्यावर टिचकी द्या. चांगला धातू देवळातल्या घंटेसारखा वाजतो, नाद रेंगाळतो. मेलेला पंखा फुटक्या मडक्यासारखा वाजतो. मग चाकूने कडेला एक चरा ओढा. आत पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त समुद्राने खाल्लंय, उरलंय ते नुसतं तांब्याचं जाळं. एखाद्या दिवशी पातं बिस्किटासारखं तुटेल.

वसईचा_वारा

मला वाटतं नवीन घेण्याआधी जुन्याची पिच बदलून घेता येईल का ते बघा. पंख्याच्या वर्कशॉपमध्ये पाती तापवून पिच कमी करून देतात. खर्च खूप कमी होईल.

बॉयलर_सूट

एक-दोन इंच बदलता येतात. चार इंच नाही, पात्याचा आकारच बिघडतो. आणि तांडेलाचो_झील म्हणतात ती तपासणी आधी करा.

हॅम्बलकाठी

केली. दोन पाती बरी वाजली, तिसऱ्यातून 'ठक्' एवढाच आवाज. चरा ओढला, कड गुलाबी. लहान मुलाच्या हिरडीसारखा रंग. मी त्या पंख्यावर भरवसा ठेवून बायकोला घेऊन हर्स्टच्या प्रवाहात गेलो होतो. रात्री झोप लागली नाही.

जुना पंखा बाद. पिच बदलण्याचा प्रश्न मिटला.

तांडेलाचो_झील

वेळेवर कळलं हे चांगलं झालं. नवीन घेताना धातू विचारून घ्या. 'मँगनीज ब्राँझ' हे नाव कांस्याचं असलं तरी त्यात जस्त भरपूर असतं, जात पितळेचीच. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ मिळालं तर तेच घ्या. आणि शाफ्टवरचं झिंक अर्धं झालं की बदला, संपायची वाट बघू नका. ते स्वतः झिजतं म्हणून पंखा वाचतो.

आणखी एक. फिरण्याची दिशा उजवी की डावी? मागून बघा, वरच्या पात्याची उजवी कड तुमच्यापासून लांब असेल तर उजवा पंखा.

हॅम्बलकाठी

उजवा आहे. रिव्हर्स टाकला की मागची बाजू डावीकडे ओढली जाते, त्याची सवय झालीय.

ऑकलंडची_अक्का

फेदरिंगबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमची बोट ३४ फुटांची, तीही लांब कीलचीच, आणि तिला आम्ही तीन पात्यांचा मॅक्स-प्रॉप बसवला आहे. शिडावर असताना पाती प्रवाहाच्या रेषेत वळतात, पाण्याला अडसर जवळजवळ राहत नाही. हलक्या वाऱ्यात आम्हाला अर्धा नॉट तरी जास्त मिळतो. शिवाय रिव्हर्समध्ये पाती उलटून फिरतात, त्यामुळे मागे जाताना पुढच्यासारखाच जोर मिळतो. साध्या पंख्याची पाती मागे जाताना उलट्या बाजूने पाणी कापतात, म्हणून तो मागे लंगडतो. ज्यांना अरुंद मरीनामध्ये रोज बोट लावायची असते त्यांच्यासाठी एवढी एक गोष्टही पैसे वसूल करते.

पण किंमत साध्याच्या कित्येक पट. दरवर्षी बोट वर काढली की ग्रीस भरावं लागतं, आतल्या गिअरमध्ये खेळ आलाय का बघावा लागतो. इथल्या किवीप्रॉपची पाती प्लास्टिकसारख्या कंपोझिटची असतात, तो हलका पडतो. ऑटोप्रॉपची पाती भाराप्रमाणे आपली पिच आपणच ठरवतात. मात्र या सगळ्यांचा बॉस लांब असतो. अडीच इंचांत बसेल का, मला शंका आहे. फोल्डिंग तर विसराच. त्याची पाती मागे मिटतात आणि तुमच्याकडे मागे सुकाणू आहे.

हॅम्बलकाठी

अक्का, फेदरिंगवाल्यांना मापं पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं: सुकाणूच्या पुढच्या कडेतून दोन इंच कापावे लागतील. ते सुकाणू मूळचं आहे, सागवानाचं. मी ते कापणार नाही. पैशाचा प्रश्न नाही असं नाही, पण पैसे असते तरी कापलं नसतं.

मुंबई_डॉक

सागवानावरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं विषयांतर. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधली, सागवानात, आणि १९६४ साली पाण्यात उतरली. ३२ फुटांची, आराखडा विल्यम ॲटकिन यांचा 'एरिक', ज्याचं मूळ नॉर्वेच्या कोलिन आर्चर यांच्या बचावबोटींमध्ये. १४ जून १९६८ ला फालमथहून निघून २२ एप्रिल १९६९ ला ते जगाला वळसा घालून तिथेच परतले, एकट्याने, मध्ये कुठेही न थांबता. असं करणारे पहिले. पुढे २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी (तशीच एकट्याने, न थांबता करायची प्रदक्षिणा) गोव्यात तिचीच प्रतिकृती बांधली, 'तुरीया'. अभिलाष टॉमी तिच्यावर होते. हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडून ते जबर जखमी झाले, आणि तरीही २०२२च्या शर्यतीत परत उतरून दुसरे आले. त्या शर्यतीत लांब कीलच्या बोटीच चालतात, कीलच्या मागच्या कडेला सुकाणू जोडलेलं.

ही घडण मला मनापासून आवडते. पंखा कीलच्या आड असतो, समोरून येणारा दोर, ओंडका आधी कीलला लागतो. कोकणात जाळ्यांमधून जाणाऱ्याला आणि इंग्लंडमध्ये खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोरांमधून जाणाऱ्याला त्याची किंमत सारखीच कळते.

वसईचा_वारा

+१. 'सुहेली' मुंबईची आहे हे खूप जणांना माहीत नसतं.

रत्नाकराचा_शेजारी

मूळ मुद्द्यावर येतो. फेदरिंग बाद, फोल्डिंग बाद. उरले दोनच: दोन पाती स्थिर की तीन पाती स्थिर.

दोन पात्यांचा फायदा असा की शाफ्ट थांबवून पाती उभी ठेवली की ती त्या पाच इंची खांबाच्या सावलीत लपतात. पाणी खांबाला वळसा घालून जातं, पंखा त्याच्या आड. तीन पात्यांचा लपूच शकत नाही, कसाही फिरवा, एक तरी पातं बाहेर डोकावतं.

तोटाही त्याच खांबामुळे. खांबाच्या मागे पाणी जवळजवळ मेलेलं असतं. दोन पात्यांचा पंखा फिरताना दोन्ही पाती एकाच क्षणी त्या मेलेल्या पाण्यात शिरतात आणि एकाच क्षणी बाहेर येतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला दोनदा ठोका. तीन पात्यांत एका वेळी एकच पातं तिथे असतं, म्हणून तो मऊ चालतो आणि प्रवाहाविरुद्ध, लाटांवर जोरही जास्त देतो.

यावर एक उपाय आहे. खांबाची मागची चौकोनी कड तासून दोन्ही बाजूंनी निमुळती करा. पाणी पंख्याला नीट पोचलं की दोन पात्यांचाही बराच शांत होतो. पण शाफ्टच्या नळीभोवती लाकूड किती आहे ते बघून, आणि जाणत्या सुताराकडूनच.

आता तुमची लॉगबुक उघडा. इंजिन किती तास चाललं आणि शिडावर किती तास होतात? हा आकडा ठरवेल.

हॅम्बलकाठी

बायकोने लॉगबुक काढून बेरीज केली. गेल्या हंगामात शिडावर २१२ तास, इंजिनवर ४१. त्या ४१ मधले निम्म्याहून जास्त नदीतून आत-बाहेर, जिथे अर्ध्या थ्रॉटलवर काम होतं.

ती म्हणाली, "बोट शिडाची आहे ना?"

दोन पाती. १४ × ९. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ. बनवणाऱ्याने स्वतंत्रपणे हाच आकडा दिला.

ऑकलंडची_अक्का

बायकोचं म्हणणं बरोबर. मग शिडावर असताना शाफ्ट कुलूपबंद ठेवणार ना? नुसता न्यूट्रलमध्ये सोडलात तर पाती लपणार नाहीत.

बॉयलर_सूट

इथे सावध. तीन पात्यांच्या किंवा न लपणाऱ्या पंख्याला मोकळं फिरू देणंच बरं. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या चाचण्यांतही बंद पंखा मोकळ्या फिरणाऱ्यापेक्षा जास्त ओढ देतो असंच दिसलं. तुमचं प्रकरण वेगळं, कारण तुमचा पंखा खांबाआड जातो. पण गिअरबॉक्सला काय चालतं ते त्याच्या पुस्तिकेत वाचा. यानमार सांगते की शिडावर असताना न्यूट्रलच ठेवा, नाहीतर क्लच खराब होतो. काही गिअरबॉक्सना रिव्हर्समध्ये ठेवलेलं चालतं. कुणाच्या सांगण्यावर, माझ्याही, विसंबू नका.

हॅम्बलकाठी

वाचलं. आमच्या गिअरबॉक्सला रिव्हर्समध्ये ठेवायला परवानगी आहे, पुढच्या गिअरमध्ये सक्त मनाई. तसंच करणार.

तांडेलाचो_झील

बोट जमिनीवर आहे तोवर एक काम उरका. पाती बरोबर उभी करा आणि आत शाफ्टच्या कपलिंगवर रंगाची ठसठशीत रेघ मारा, वरच्या बाजूला. पाण्यात उतरल्यावर खाली बघता येत नाही. रेघ वर आली की पाती उभी, एवढंच बघायचं. आणि पात्यांवर शेवाळ, शंख बसू देऊ नका. महिनाभर उभ्या असलेल्या बोटीचा पंखा खरवडला की जोर लगेच परत येतो, हे आम्ही दर पावसाळ्यानंतर बघतो.

हॅम्बलकाठी

मंडळी, मे महिना संपतोय, सांगायला आलो.

खांबाची कड इथल्या एका म्हाताऱ्या सुताराने दोन दिवसांत निमुळती केली. रंधा मारण्याआधी तो दर वेळी हाताने लाकूड चाचपायचा. पंखा बसवताना तो टेपरवर नीट बसतोय का हे निळा रंग लावून पाहिलं, मग चावी, नट, कॉटर पिन. खोलताना पुलरला जागा मिळते का तेही तेव्हाच तपासून घेतलं.

पूर्ण थ्रॉटलला इंजिन ३४५० फेरे घेतं. सपाट पाण्यात चाल ५.७ नॉट. धूर नाही. २२००च्या आसपास ठोका जाणवतो, ताटातले चमचे वाजतात, पण २५००वर सगळं शांत. त्या पट्ट्यात थांबायचं नाही एवढं लक्षात ठेवतो.

गेल्या शनिवारी ब्यूली नदीच्या तोंडाशी वारा जेमतेम चार-पाच नॉट. इंजिन बंद केलं, मी खाली उतरून टॉर्च धरला, हाताने शाफ्ट फिरवला आणि पांढरी रेघ वर आणली, गिअर रिव्हर्समध्ये. पूर्वी शिडावर असताना सुकाणूजवळ सतत खळखळ ऐकू यायची, पाणी काहीतरी ओढून नेतंय अशी. तो आवाज थांबला. बायकोने टिलर दोन बोटांत धरला होता. शेजारून जाणाऱ्या नव्या फायबरच्या बोटीबरोबर आम्ही वीसेक मिनिटं राहिलो.

रत्नाकराचा_शेजारी

वा! फार बरं वाटलं. हर्स्टला परत जाऊन बघितलंत का?

हॅम्बलकाठी

अजून नाही. येत्या पंधरवड्यात भांगाची भरती आहे, तेव्हा आधी कमी प्रवाहात जाऊन फेरे आणि तापमान लिहून आणतो. मग उधाणाला. आकडे इथेच टाकतो.

तांडेलाचो_झील

टाका. आणि जुना पंखा भंगारात देऊ नका, गुलाबी चऱ्याचा फोटो काढून ठेवा. आमच्या पोरांना दाखवायला मला हवाय.